तीन जलरंगचित्रं आणि एक खुलं प्रदर्शन : कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

प्रदर्शनाची घोषणा येऊन आठवडा झाला, तो नुसता विचारात गेला. आज नियमावली छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसले. खुलं प्रदर्शन, म्हणजे कुणीही चित्र पाठवू शकतं, सभासद असायची अट नाही. भिंतीवर काय लागणार ते मात्र परीक्षक ठरवणार. निवड दोन टप्प्यांत आहे. आधी नुसते फोटो पाहणार, त्यातून निवडलेली चित्रं प्रत्यक्ष मागवून पुन्हा निवड करणार. दोन्ही वेळा चित्रकाराचं नाव परीक्षकांपुढे नसेल. हे वाचून धीर आला.

पेन्सिलीने खुणा केल्या त्या ठिकाणांची नोंद: चित्र गेल्या तीन वर्षांतलं हवं. कागदावर, पाण्यात विरघळणाऱ्या रंगात. पेस्टल आणि कोलाज चालणार नाही. दुसऱ्याच्या फोटोवरून केलेलं नको, आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली वर्गात केलेलंही नको. फ्रेमसकट बाहेरून कोणतीही बाजू १०० सेंमीपेक्षा मोठी नको. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, पांढरं किंवा मोतिया. काच नको, ॲक्रिलिक. प्रत्येकी तीन चित्रं. मुदत २० मार्च.

अटी किचकट वाटतात, पण एकेक वाचत गेलं की प्रत्येकीमागे काहीतरी घडून गेलेलं जाणवतं. वाहतुकीत काच फुटते आणि तिचा तुकडा कागद फाडतो. फोटो दुसऱ्याचा असला की रचनाही त्याचीच असते.

६ फेब्रुवारी

कपाटातली चित्रं बाहेर काढली. तीन वर्षांतली, पुरी झालेली म्हणावी अशी चौदा निघाली. भिंतीला टेकवून ओळीने उभी केली.

दोन लगेच बाजूला. होड्यांचं चित्र एका मासिकातल्या फोटोवरून केलं होतं. त्यातलं पाणी अजूनही मला आवडतं. पण होड्या कुठे आहेत, क्षितिज कुठे कापलंय, हे सगळं त्या छायाचित्रकाराने ठरवलेलं आहे. दुसरं, मातीच्या भांड्यांचं, कार्यशाळेतलं. सरांनी उजव्या भांड्याची सावली स्वतः दाखवली होती, म्हणजे माझ्याच कागदावर त्यांचा हात फिरलेला आहे. परीक्षकांना हे कळलं नसतं. मला कळतं, तेवढं पुरे.

उरली बारा.

९ फेब्रुवारी

तीन दिवस बारा चित्रं भिंतीशी उभी आहेत. येता जाता बघते. रोज वेगळं मत होतं.

मग एक ठरवलं. प्रत्येकाचा साधा फोटो मोबाइलवर घेतला आणि सगळे फोटो एकत्र, काडेपेटीएवढे करून पाहिले. परीक्षकांपुढे शेकडो चित्रं पडद्यावरून सरकणार, पहिल्या फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच क्षण येणार. त्या आकारात जे उभं राहत नाही, ते जवळून पाहण्याची वेळच येणार नाही. नंतर त्याच फोटोंतला रंग काढून टाकला, नुसता काळा-पांढरा ठेवला. बाजाराचं चित्र तिथे कोसळलं. रंगात ते भरगच्च वाटतं, पण रंग गेल्यावर सगळं मधल्याच करड्यात. गडद आणि उजेड यांची मोठी मांडणी त्यात नाहीच. दोन वर्षं मी ते चांगलं समजत होते.

‘वाळत घातलेली चादर’ मात्र काडेपेटीच्या आकारातही दिसली. अर्धं पान, ३८ × ५६ सेंमी. दोरीवर पांढरी चादर, मागे गडद भिंत. चादर म्हणजे कोरा कागदच आहे, घड्यांमध्ये तेवढा पातळ निळा-करडा सोडलाय. पाऊण तासात झालं होतं. ‘जिना’ही टिकला: संध्याकाळच्या उन्हाची तिरपी पट्टी पायऱ्यांवरून मोडत मोडत उतरते, ती लहान आकारात आणखीच ठळक झाली.

आता ‘धुकं’. पूर्ण पान, ५६ × ७६. झाडांची रांग धुक्यात विरघळत जाते. या चित्रासाठी सहा पानं वाया गेली, सातवं जमलं. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करडा त्या ओलाव्यात सोडायचा. लवकर सोडला तर झाड उरतच नाही, उशीर झाला तर कडा पकडते. तो मधला मिनिट सापडायला महिना गेला. लहान आकारात ‘धुकं’ म्हणजे एक फिकट चौकोन दिसतो.

ताईला फोटो पाठवले, कुठलं कसं झालं ते काही न सांगता. तिने फोन केला.

“चादरीचं आणि जिन्याचं पाठव. ते धुक्याचं… अगं, तू त्याच्यासाठी खूप खपली होतीस, माहितीये मला. पण हे बघणाऱ्याला ते कुठे माहितीये?”

ती म्हणते ते खरं आहे. मी ‘धुकं’ पाहते तेव्हा कागदाबरोबर तो महिनाही पाहते. परीक्षकापुढे फक्त कागद असणार. तरीही ते पाठवायचं ठरवलं. महिन्यासाठी नव्हे. दोन पावलांवरून पाहिलं की त्या करड्यातले निळे आणि तांबूस कण वेगवेगळे होतात आणि हवा ओली वाटायला लागते, त्यासाठी.

१२ फेब्रुवारी

राखीव म्हणून चौथं चित्र काढून ठेवलं होतं, ‘बोगनवेल’. लहान आकारात सगळ्यात पुढे तेच येत होतं. आज ते बाद केलं, आणि त्याचं कारण सविस्तर लिहून ठेवते.

गेल्या जूनमध्ये मी ऊन येणाऱ्या खिडकीत रंगांच्या पट्ट्या लावल्या होत्या. कागदाच्या एका लांब तुकड्यावर पॅलेटमधल्या प्रत्येक रंगाचा एक फटकारा, दाट ते पातळ. त्यातला अर्धा जाड पुठ्ठ्याखाली झाकलेला, अर्धा उघडा. आठ महिन्यांनी आज पुठ्ठा काढला.

अल्ट्रामरीन, कोबाल्ट निळा, बर्न्ट सिएना, यलो ओकर: झाकलेला भाग कुठे संपतो ते बोटाने शोधावं लागलं. क्विनाक्रिडोन रोज, म्हणजे ट्यूबवर पीव्ही १९ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला, तोही जसाच्या तसा. ॲलिझरिन क्रिमझन (पीआर ८३) दाट भागात टिकला होता, पातळ भागात मात्र निम्मा उडाला. आणि ऑपेरा पिंक! पुठ्ठ्याखाली डोळ्यात भरणारा झगझगीत गुलाबी, आणि उघड्या बाजूला फिकट, थकलेला, भिजून वाळलेल्या कापडासारखा. त्या रंगाची चमक त्यात घातलेल्या प्रतिदीप्त (फ्लुरोसंट) रंगद्रव्यातून येते आणि ते द्रव्य उजेडात टिकत नाही. माझी ‘बोगनवेल’ सगळी त्याच चमकेवर उभी आहे.

रसेल आणि ॲबनी या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा अहवाल १८८८ साली दिला होता. त्यांनीही रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्याच काचेच्या नळ्यांत घालून उन्हात ठेवल्या होत्या. काही नळ्यांतली हवा आणि ओलावा काढून टाकला होता, आणि त्यांत बहुतेक रंग टिकले. म्हणजे उजेड एकटा नसतो, हवा आणि दमट त्याला साथ देतात. जलरंगाचा थर पातळ असतो, रंगकणांभोवती तेलासारखं कवच नसतं. म्हणून हा प्रश्न आपल्या माध्यमाला जास्त जाचतो. ट्यूबवर टिकाऊपणाची खूण असते, ती वाचायची सवय मला फार उशिरा लागली.

अर्जात किंमत लिहायची आहे. कुणी ते चित्र विकत घेतलं, हौसेने उजेडाच्या भिंतीवर लावलं आणि दोन वर्षांत फुलं उडून गेली, तर तो मला काय म्हणेल यापेक्षा मी त्याला काय सांगणार? ‘बोगनवेल’ वहीत ठेवायचं चित्र आहे. अंधारात ते टिकेल.

उरलेल्या तिन्ही चित्रांचे रंग वहीतून तपासले. तिन्हींत ॲलिझरिन नाही, ऑपेरा नाही.

१८ फेब्रुवारी

‘जिना’ वाकडा झाला होता. ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) कागद न ताणता वापरला की भरपूर पाणी दिलेल्या जागी तो फुगतो आणि वाळला तरी लाट राहते. फोटोत प्रत्येक लाटेची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी येते.

चित्र स्वच्छ पांढऱ्या कागदावर पालथं ठेवलं. पाठीवर स्पंज फिरवला, नुसता दमट. ओला झाला तर पाणी पुढे झिरपतं आणि रंग सुटायला लागतो, कारण जलरंगातला डिंक कितीही वर्षांनी पाण्यात पुन्हा विरघळतो. पाच मिनिटं थांबले, कागद मऊ पडला. मग दोन टिपकागदांच्या मध्ये, वर लाकडी फळी, फळीवर जाडजूड पुस्तकं. उद्या टिपकागद बदलायचे.

२० फेब्रुवारी

सपाट. डाव्या खालच्या कोपऱ्यात किंचित लाट आहे, ती माउंटखाली जाईल.

२३ फेब्रुवारी

फोटो, पहिला प्रयत्न. घरात, दोन दिवे लावून. सगळं पिवळं आलं. दिवे दोन जातींचे होते, एका बाजूला पिवळट आणि दुसऱ्या बाजूला हिरवट. असला फोटो संगणकावरही सरळ होत नाही, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

२५ फेब्रुवारी

दुसरा प्रयत्न खिडकीजवळ. डोळ्याला उजेड सगळीकडे सारखाच वाटत होता. संगणकावर उघडलं तर खिडकीकडची कड आणि पलीकडची कड यांत स्पष्ट फरक. शिवाय मोबाइलच्या रुंद भिंगामुळे चित्राच्या सरळ कडा बाहेर फुगल्या, जिन्याचा कठडाच वाकला. उद्या कॅमेरा मागून आणते.

१ मार्च

आज ढगाळ होतं. सकाळपासून आकाश एकसारखं पांढरं, जमिनीवर सावली पडत नव्हती. याच उजेडाची वाट पाहत होते.

फळी बाहेर उभी केली, तिच्यावर चित्र लावलं. तिकाटण्यावर कॅमेरा, ५० मिमी भिंग, छिद्र एफ ८, आयएसओ १००, आणि बोटाचा धक्का नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा चित्राला अगदी समांतर हवा, नाहीतर आयताचा पतंग होतो. त्यासाठी एक युक्ती शिकले आणि ती खरोखर उपयोगी आहे. लहान आरसा चित्राच्या मधोमध सपाट धरायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. आरशात आपल्याच भिंगाचा गोल बरोबर मध्यभागी दिसला की समांतर. पहिल्यांदा माझं भिंग आरशाच्या वरच्या कडेला दिसलं, म्हणजे कॅमेरा वरून बघत होता. तिकाटणं चार बोटं खाली घेतलं, फळी जरा मागे कलवली, मग गोल मधे आला.

प्रत्येक चित्राआधी करडं कार्ड धरून एक फोटो. संगणकावर त्या कार्डावरून रंगाचा तोल धरता येतो.

पांढऱ्याने दमवलं. कॅमेऱ्याला पांढरा कागद दिला की तो त्याला मधला करडा समजतो आणि फोटो काळवंडतो. ‘चादर’ पहिल्या फोटोत मळकी आली, आठवडाभर धुतली नसावी तशी. उजेड एक पायरी वाढवून घेतला. मग दुसरं टोक आलं, घड्यांतला पातळ निळा पुसून गेला आणि कागदाचा पोतही. शेवटी मधे थांबले: ० ते २५५ च्या मापात कोरा कागद २४२ च्या आसपास. तिथे चादर पांढरी दिसते आणि कागदाचे उंचवटेही दिसतात.

‘जिना’च्या सावल्या जांभळ्या आल्या. त्या कोबाल्ट निळ्याने केल्यात. हा निळा वर्णपटाच्या पार लाल टोकाला पुन्हा उजेड परतवतो. आपल्या डोळ्याला तो जेमतेम जाणवतो, कॅमेरा तो जास्त पकडतो आणि निळ्यात लाल मिसळतो. चित्र पडद्याशेजारी उभं करून, फक्त निळ्याला हात लावून, ते जांभळं हळूहळू उतरवलं. बाकी कशाला हात लावला नाही. चित्रापेक्षा सुंदर फोटो पाठवला तर दुसऱ्या फेरीत चित्र स्वतःच्या फोटोपुढे उणं पडेल.

‘धुकं’. कॅमेऱ्यातली मोठी फाइल उघडली तेव्हा तो दाणेदार करडा दिसला, निळे कण वेगळे, तांबूस वेगळे. फार आनंद झाला. नियमाप्रमाणे लांब बाजू २४०० पिक्सेल करून जपून ठेवली, पुन्हा उघडली. कण गेले. एकसारखा करडा उरला. तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लहान केली, उत्तर तेच. ७६ सेंमीवर पसरलेले ते कण या फाइलीत मावत नाहीत.

३ मार्च

कडा कापल्या. फोटोत फळी, क्लिप, माउंट काही दिसायला नको, नुसतं चित्र. फाइलींची नावं नियमात दिली आहेत तशी. त्यात माझं नाव येत नाही.

९ मार्च

अर्ज. माध्यम, आकार (उंची आधी, मग रुंदी, मी उलट लिहिलं होतं, वेळीच दिसलं), साल, किंमत. ‘चादर’ विकायची नाही असं लिहिणार होते, मग विचार बदलला. प्रदर्शनाला पाठवायचं म्हणजे ती दुसऱ्याच्या घरी जाऊ शकते हे मान्य करायचं.

चित्रांविषयी पन्नास शब्द मागितलेत. चार मसुदे केले. पहिल्या तिन्हींत ‘अस्तित्व’ आणि ‘शोध’ हे शब्द होते. चौथ्यात एवढंच लिहिलं: घरातल्या आणि घराबाहेरच्या रोजच्या जागांवर उजेड कसा पडतो ते मी पाहते, कोरा ठेवलेला कागद हाच माझा सर्वात उजळ रंग आहे आणि तो कुठे ठेवायचा हे मी आधी ठरवते. हे खरं आहे, म्हणून ठेवलं.

१० मार्च

शुल्क भरलं. पाठवलं. पोच आली.

२ एप्रिल

निकालाला अजून नऊ दिवस. वाट पाहताना जुनं वाचत होते. लंडनच्या रॉयल अकॅडमीचं प्रदर्शन १७६९ पासून दरवर्षी भरत आलंय आणि त्यात आजही कुणीही चित्र पाठवू शकतं. सुरुवातीच्या काळात तिथे जलरंगवाल्यांची कुचंबणा होई. भडक, चमकदार, जाड सोनेरी चौकटीतल्या तैलचित्रांच्या शेजारी त्यांचे कागद फिके पडत. शेवटी १८०४ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि १८०५ मध्ये नुसत्या जलरंगांचं प्रदर्शन भरवलं. ती संस्था अजून आहे. शेजारी काय टांगलंय यावर आपलं चित्र किती दिसेल हे ठरतं, ही गोष्ट त्या लोकांना एवढी लागली की त्यांनी वेगळी भिंतच शोधली.

११ एप्रिल

पहिल्या फेरीचा निकाल. ‘चादर’ आणि ‘जिना’ पुढे गेली. ‘धुकं’ नाही.

दोन गेली याचा आनंद आधी लिहायला हवा. आहेच. पण संध्याकाळी ‘धुकं’ पुन्हा भिंतीला लावलं आणि पडद्यावर तीच फाइल उघडून दोन्हींच्या मधे उभी राहिले. फाइलीवरून मीही ते निवडलं नसतं. तिथे झाडांची अंधुक रांग आहे आणि बाकी करडं. कागदावर मात्र, डावीकडून तिसऱ्या झाडाच्या खोडापाशी, रंग ओलाव्यात खाली ओघळत गेला आणि कागदाच्या खळग्यांत निळा बसला, वर तांबूस राहिला. एक इंचाची जागा आहे ती. आख्खं चित्र तिथून श्वास घेतं.

पहिली फेरी फोटोंवर घेण्याला पर्याय नाही, हे मला पटतं. शेकडो चित्रं वाहून आणणं कुणालाच झेपणार नाही. पण त्यात ठळक चित्रांना झुकतं माप मिळतं आणि अबोल चित्रं मागे राहतात, हेही तितकंच खरं आहे. पुढच्या वेळी ‘धुकं’ प्रत्यक्ष चित्रं घेणाऱ्या प्रदर्शनाला पाठवीन. तसं मिळेपर्यंत थांबायची माझी तयारी आहे.

१५ एप्रिल

फ्रेमवाल्या काकांकडे. त्यांचा हात फार सफाईदार आहे, पण आज एका गोष्टीवर बराच वेळ बोलणं झालं.

“चारी बाजूंनी टेप मारतो, ताई. हलणार नाही.”

“काका, टेप नको. आणि चारी बाजूंनी तर नकोच.”

“मग ते लोंबकळेल की.”

“लोंबकळायलाच हवं.”

दमट हवेत कागद वाढतो, कोरड्या हवेत आकसतो. चारही बाजू धरून ठेवल्या की त्याला जायला जागा नाही, मग मधेच लाटा उठतात. आणि टेपचा चिकटपणा काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो. मी गव्हाच्या खळीची वाटी आणि पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या घरूनच नेल्या होत्या. चित्राच्या वरच्या कडेला मागून दोनच पट्ट्या लावायच्या, त्यांचं दुसरं टोक पाठीच्या बोर्डाला, खालची कड मोकळी. खळ पुढे कधीही पाण्याने सुटते, चित्राला इजा न होता. काकांनी पट्टी बोटांत धरून उजेडाकडे केली, तंतू पाहिले. “एवढीशी धरते?” मी ओढून दाखवली. मग त्यांनी स्वतः ओढून पाहिली.

माउंट आम्लरहित, मोतिया. माउंटची जाडी चित्र आणि ॲक्रिलिक यांच्यात मोकळी हवा ठेवते. चित्र चिकटून राहिलं तर दमटाने डाग पडतात, बुरशी धरते. खिडकी कापताना ‘चादर’ची स्वाक्षरी माउंटखाली जात होती. खालून तीन मिमी सोडायला सांगितलं.

२० एप्रिल

फ्रेम घरी आल्या. ‘जिना’ उत्तम. ‘चादर’ टेबलावर ठेवून तिरकी पाहिली आणि पांढऱ्यावर, दुसऱ्या घडीच्या वर, एक केस दिसला. ॲक्रिलिकच्या आत. वरून फुंकर मारून पाहिली, अर्थातच हलला नाही. गडद चित्रात तो दिसलाही नसता, पण इथे तर ती सगळी जागा कोऱ्या कागदाची आहे आणि तिच्यावरच नजर जाते.

मागचा कागद कापला, खिळे काढले, उघडलं. ॲक्रिलिकला स्थिर वीज असते, कोरड्या फडक्याने पुसलं की ती वाढते आणि आजूबाजूची धूळ ओढून घेते. मऊ कापड किंचित दमट करून एकदाच, एकाच दिशेने पुसलं. मऊ ब्रशने चित्र झटकलं. बंद करायच्या आधी दिवा बाजूने धरून पाहिलं. दोन तंतू पुन्हा. पुन्हा उघडलं. चौथ्या वेळी स्वच्छ.

मागे दोन्ही बाजूंना वरून एकतृतीयांश अंतरावर कड्या, मधे तार. तार वर ताणली तर ती फ्रेमच्या कडेवरून दिसता कामा नये. दोन्हींची मोजून पाहिली.

२४ एप्रिल

चित्रं पोचवली. कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या, दोन फ्रेम समोरासमोर, मधे फोमचं पान. तिथल्या मुलीने दोन्ही चित्रं उलटसुलट पाहिली, कड्या ओढून पाहिल्या, कुठे ओरखडा आहे का ते कागदावर लिहिलं आणि माझी सही घेतली. पावती वहीत चिकटवली आहे.

२ मे

अंतिम निकाल. ‘जिना’ लागणार. ‘चादर’ परत न्यायची.

मला उलटं वाटलं होतं. ‘चादर’वर माझा जास्त भरवसा होता.

९ मे

उद्घाटन. आत गेल्यावर मी आधी सगळ्या भिंती फिरले, आपलं चित्र शेवटी पाहायचं ठरवून. एक पूर्ण पान पाण्याचं होतं, फक्त पाणी, आणि त्यात एकही कोरी जागा नव्हती तरी ते चमकत होतं. दहा मिनिटं तिथेच होते. त्या चित्रकाराने उजळ रंगाचा थर आधी देऊन, तो पुरता वाळल्यावर वरचे थर दिले असावेत, कारण खालचा पिवळा कुठेच मळला नव्हता.

‘जिना’ दुसऱ्या खोलीत, डोळ्यांच्या उंचीवर. शेजारी एक मोठं, गडद व्यक्तिचित्र. मी घाबरले होते की ते माझ्या चित्राला गिळेल. झालं उलट: त्या गडदावरून नजर सरकली की उन्हाची पट्टी लख्ख येते. ज्याने हे दोन शेजारी टांगले त्याने विचार करून टांगले आहेत.

एक बाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा कपाळावर सारला आणि तिसऱ्या पायरीची कड बघत राहिल्या. तिथे मी जवळजवळ कोरडा ब्रश ओढला होता, रंग फक्त कागदाच्या उंचवट्यांना लागला आणि खळगे पांढरे राहिले, म्हणून ती कड झिजलेल्या दगडासारखी दिसते. फाइलीत ती जागा चार-पाच पिक्सेलची होती.

त्यांनी सोबतच्या मुलाला हाक मारली. “इकडे ये. हे बघ, इथे रंगच नाहीये.”

१७ मे

‘चादर’ घरी आणली. फ्रेमला ओरखडा नाही, केस नाही. ताईने ती मागितली आहे. तिच्या बैठकीत ऊन थेट येतं, पण आतल्या खोलीची भिंत चालेल असं तिला सांगितलं.

‘बोगनवेल’ पुन्हा करायची आहे, टिकणाऱ्या रंगात. पीव्ही १९ वर पातळ पिवळ्याचा थर दिला तर ती ऊब येते का ते पाहायचंय. ऑपेराची चमक येणार नाही, तेव्हा भोवतालचा हिरवा जास्त दाबावा लागेल. आज नव्या ट्यूबांच्या सात पट्ट्या रंगवल्या, दाट ते पातळ. वाळल्यावर अर्ध्या पुठ्ठ्याखाली झाकल्या, मागे पेन्सिलीने तारीख घातली आणि खिडकीत लावल्या.